खिळ्यांशेजारचं नाणं

त्या कामाला जाताना अंगावर धातू चालत नसे. बांगड्या नाहीत, केसांत आकडा नाही, पदराला पिन नाही, पायांत रबरी चपला. आमची कंपनी पिंपरीत होती आणि जमिनीत पुरलेला धातू शोधणारी यंत्रं बनवायची. गिऱ्हाईक म्हणजे सरकारी खाती. त्यांची तक्रार कायम एकच असायची: जुन्या वस्तीच्या जागी खिळे आणि पत्र्याचे तुकडे इतके असतात की त्यांच्याशेजारी नाणं असलं तरी यंत्राला कळत नाही. म्हणून कारखान्यामागे, भिंतीलगत, वाळूचा एक पट्टा केलेला होता. त्यात गंजके खिळे, बोल्ट, डब्यांची झाकणं पुरलेली आणि मधेमधे पन्नास पैशांची नाणी. तयार झालेलं प्रत्येक यंत्र घेऊन, कानाला हेडफोन लावून, मी त्या पट्ट्यावरून चालायचे.

लोखंडावर आवाज खरखरीत यायचा, मधेच तुटायचा. नाण्यावर तो गोल, भरलेला असायचा. दोन्ही शेजारी आली की खरखर त्या गोल आवाजाला गिळून टाकायची. तरी खालचा बारीक सूर मला ऐकू यायचा, बाकी कुणाला यायचा नाही. साहेब पाहुण्यांना मुद्दाम मागे आणून माझं काम दाखवत.

माझ्याकडे रेडिओचा डिप्लोमा होता. मला वरच्या मजल्यावर, डिझाईन विभागात जायचं होतं. विचारलं की साहेब हसून म्हणायचे, "तुझ्यासारखा दुसरा कान मिळू दे, त्याच दिवशी वर घेतो."

घरी सांगायची सोय नव्हती. वडील पत्रा ठोकणाऱ्या प्रेसवर कामाला होते, तिथल्या धडधडीत त्यांचे कान गेले आणि ते घरी बसले. एकदा मी त्यांना म्हणाले, "दादा, मला ते काम नको झालंय." त्यांना ऐकू गेलं नाही. मी मोठ्यानं म्हणाले, तरी नाही. तिसऱ्यांदा ओरडले तेव्हा चाळीतल्या दोन बायका दारात येऊन उभ्या राहिल्या.

"माझे कान गेले," वडील म्हणाले, "आता तुझ्या कानांवर घर चाललंय, बाई. जरा दमानं घे."

मग मी दुसरा कान शोधायला लागले. जेवणाच्या सुट्टीत वायंडिंगच्या, यंत्रांसाठी तारेची वेटोळी गुंडाळणाऱ्या, बायकांना एकेक करून मागे घेऊन जायचे. कुणाला नुसता गोंगाट ऐकू यायचा, कुणाचं डोकं दुखायचं. कुरुळीहून येणाऱ्या एक वहिनी होत्या, तिशीच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी हेडफोन लावला, चार पावलं चालल्या आणि थांबल्या.

"हितं दोन हायेत, ताई. एक भांडतंय, एक गप हाय."

उकरलं तर खिळा आणि त्याला चिकटून नाणं. मला इतका आनंद झाला की मी त्यांचा हात धरला.

त्यांच्या गळ्यात दोऱ्यात ओवलेले नुसते काळे मणी होते, बांगड्या काचेच्या; अडचण जोडव्यांची होती. त्यांचं पाऊल जवळ आलं की यंत्र किंचाळायचं.

"काढावी लागतील, वहिनी."

"न्हाई ताई. सासूबाईंना कळलं तर घरात घ्यायच्या न्हाईत."

पण या कामाला पगार जास्त होता. पुढच्या आठवड्यात त्या आपणहून म्हणाल्या, "दावा काय करायचं ते." फाटकातून आत आल्या की त्या जोडवी काढून जेवणाच्या डब्यात ठेवायच्या आणि घरी जायच्या बसमध्ये बसल्यावर पुन्हा घालायच्या.

साहेबांनी स्वतः नाणी पुरून त्यांची परीक्षा घेतली. झाकणाखाली दडवलेलं नाणंसुद्धा वहिनींनी दाखवलं. मी शेजारी उभी होते, मनातल्या मनात जिना चढायला लागले होते.

"उत्तम," साहेब म्हणाले. "आता दोघी मिळून दुप्पट यंत्रं निघतील. शेजारी दुसरा पट्टा करून घेऊ."

"आणि माझं वर जायचं?"

"ऑर्डर मोठी आहे. दिवाळीनंतर बघू."

दुसरा पट्टा झाला. सकाळपासून भोंगा होईपर्यंत आम्ही दोघी त्या भिंतीलगत जात-येत असायचो. हेडफोनमुळे बोलता यायचं नाही, समोरासमोर आलो की मान हलवायची. मी बाहेर पडायला वाट शोधली होती आणि तिच्यावरून वहिनी आत आल्या होत्या, असं मला सारखं वाटायचं.

एका संध्याकाळी त्या जोडवी घालायला विसरल्या. नंतर काही दिवस कामावर आल्या नाहीत. आल्या तेव्हा मी विचारलं.

"सासूबाईंनी पायाकडं बघितलं. बोलल्या काय बी न्हाईत. मला ताट येगळं वाढत्यात आता."

"सोडून द्या हे काम."

"आन् मंग? एवढ्याशा वावरात किती जणांनी राबायचं?"

दिवाळी आली, गेली. पुढची पण गेली. मग वरच्या लोकांनी सुईचं यंत्र काढलं, तबकडीवरच्या सुईनं लोखंड आणि नाणं आपोआप वेगळं सांगणारं. साहेबांनी मला वर बोलावलं. टेबल, खुर्ची, डोक्यावर पंखा. टेबलावर वाळूची परात, त्यात खिळे आणि नाणी, आणि बाजूला हेडफोन.

"सुई खरं दाखवते का, ते तू ऐकून सांगायचं," ते म्हणाले.

मी बसले. वडिलांनी मला बढती मिळाल्याचं चाळभर सांगितलं, ते मी सांगू दिलं.

सुई खिळ्यांच्या गर्दीत चुकतच राहिली, त्यामुळे वहिनींचं काम सुटलं नाही आणि माझंही. जेवायच्या सुट्टीत त्या जिन्याच्या पायरीवर येऊन बसत. त्या अर्धी भाकरी माझ्या डब्यात ठेवायच्या, मी त्यांना भाजी द्यायचे. हेडफोन काढले तरी दोघींच्याही कानांत गुणगुण चालू असायची, म्हणून आम्ही फारसं काही बोलत नसू.