खडू खाणारा उंदीर

मास्तरांच्या शिलाईच्या दुकानातून खडू गायब व्हायला लागले होते. कापडावर खुणा करायचे ते चपटे, निळे खडू. सोमवारी डबा भरावा, तर गुरुवारी तळ दिसायचा. मास्तरांचा संशय उंदरावर. त्यांनी पिंजरा लावला, त्यातला पाव वाळून कडक झाला. मग शेजाऱ्यांची मांजर आणली. ती दोन दिवस कोटांच्या ढिगावर झोपली आणि तिसऱ्या दिवशी आपल्या घरी निघून गेली.

खरा उंदीर कोपऱ्यातल्या मशीनवर बाह्या जोडत बसला होता. वय वर्षं एकवीस, नाव हळूबाई. हे नाव शेजारी बसून काजे-बटणं करणाऱ्या, दिवसभर बडबडणाऱ्या फटाकडीने ठेवलेलं, कारण ही बया तीन पायऱ्या चढली की चौथीवर बसायची. खडू खाण्याची तिला मनापासून लाज वाटे. रोज घरी जाताना ती शपथ घ्यायची आणि सकाळी डब्याचा वास आला की तोंडाला पाणी सुटायचं. एरवी तिला एकच गोष्ट हवी होती, कापड बेतायचं टेबल. म्हातारा कटर काम सोडणार होता आणि सरळ रेघ तिच्याइतकी कुणाचीच येत नव्हती. पण बेतायचं म्हणजे दिवसभर उभं राहायचं. हिला दहा मिनिटांत अंधारी येई. मास्तर दुसरा माणूस शोधत होते.

शेवटचा उपाय म्हणून मास्तरांनी खडूंना तिखट चोळलं. दुपारी हळूबाईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. घरी कुणी गेलं की काय, म्हणून मास्तर धावत आले. तिने तोंड उघडलं. जीभ निळी.

"उंदीर मीच आहे, मास्तर," ती म्हणाली.

फटाकडी एवढी हसली की तोंडात धरलेलं बटण गिळता गिळता वाचली. मास्तर मात्र हसले नाहीत. आपण लोकाच्या पोरीला तिखट चारलं, हे त्यांच्या मनाला फार लागलं. त्यांच्या बायकोने, म्हणजे सगळ्यांच्या काकूंनी, तिला त्याच दिवशी दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाईंनी तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली. आत लाली नावालाही नव्हती. पाळी किती दिवस असते, हेही विचारलं. आठ दिवस, सगळ्यांची असते तशीच, असं हिने बिनदिक्कत सांगितलं. आठ दिवस जास्तच होतात, असं म्हणून बाईंनी रक्त तपासलं. त्यात लोह अगदी कमी निघालं. अशा वेळी कुणाला खडू खावासा वाटतो, कुणाला माती, कुणाला बर्फ, त्यात लाज कसली, असं बाईंनी समजावलं. लोहाच्या गोळ्या दिल्या. त्या लिंबूपाण्याबरोबर घ्यायच्या, चहाबरोबर मुळीच नाही. शी काळी झाली तर घाबरायचं नाही, आणि बरं वाटलं म्हणून मध्येच थांबायचं नाही.

गोळीचा पहारा मास्तरांनी स्वतःकडे घेतला. गिऱ्हाइकाच्या पोटाचं माप घेता घेता ते मोठ्याने विचारायचे, "गोळी घेतलीस का?" गिऱ्हाईक दचकून सांगायचं, मला काही झालेलं नाही. म्हातारा कटरही दोनदा निरोप घेऊन गेला आणि ही बरी होईपर्यंत थांब, या मास्तरांच्या सांगण्यावरून दोनदा परत आला.

तिसऱ्या महिन्यात हळूबाई गप्पा मारत जिना चढली आणि वर पोहोचल्यावरच तिच्या ते लक्षात आलं. मग टेबल तिचं झालं. कात्रीबरोबर मास्तरांनी खडूंचा डबाही दिला, दुसरीकडे बघत. तिने एक खडू नाकाशी धरला. काही वाटलं नाही. त्या आनंदात तिला रडू आलं.

पुढच्याच आठवड्यात डबा पुन्हा रिकामा. सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. मास्तर तिखटाच्या बरणीकडे निघाले.  पण आज दुकान फारच शांत आहे, हे हळूबाईच्या लक्षात आलं. सकाळपासून फटाकडी एक शब्द बोलली नव्हती. तोंड असं घट्ट मिटून कोण बसतं, हे हळूबाईइतकं कुणाला ठाऊक होतं?

तिने कात्री ठेवली, काजांच्या खुर्चीशी गेली आणि फटाकडीची पापणी हळूच खाली ओढली. आत लाली नव्हती.

"बरणी राहू द्या, मास्तर," ती म्हणाली. "उद्या सकाळी आम्ही दोघी उशिरा येऊ."