धाकट्यासाठी पेला

पेला निवडण्याच्या बाबतीत आमच्या वरच्या मजल्यावरच्या अण्णांइतका चोखंदळ माणूस साऱ्या बेंगळुरूत सापडणार नाही, असे मी भीत भीत का होईना, पण खात्रीने म्हणेन. एरवी त्यांना कशाचेच सोयरसुतक नसे. बनियन उलटा, पायांत दोन वेगळ्या जोड्यांतल्या चपला आणि तोंडी पिढ्यान्‌पिढ्या कन्नडात मुरलेले मराठी. पण पेला हाती आला, की हा गृहस्थ सोनाराच्या बारकाईने तो निरखू लागे. काठावर नख वाजवून कानाशी धरी, आत नाक घालून श्वास घेई आणि हळहळत मला म्हणे, "नाही अक्का. हा त्याला चालणार नाही." ऑनलाइन मागवलेले कितीतरी पेले त्यांनी परत पाठवले. परत करण्याचे कारण विचारणाऱ्याला ते गंभीरपणे सांगत, "ज्याच्यासाठी मागवला, त्याला पसंत नाही. तो नाही आता, पण आवड तीच आहे." पेला न्यायला आलेला माणूस मग लिफ्टची वाट न पाहता जिन्याने उतरे.

'तो' म्हणजे अण्णांचा धाकटा भाऊ, बोटीवरचा इंजिनियर. शेवटच्या सुटीत त्याने मेक्सिकोहून मेस्कालची बाटली आणली होती. घायपाताचा गाभा जमिनीतल्या खड्ड्यात भाजून गाळलेली ही दारू. बूच काढताच विझलेल्या चुलीसारखा वास येतो. "ही स्टीलच्या लोट्यात प्यायची नाही, अण्णा. पुढच्या खेपेला हिचे खरे पेले आणतो, मग दोघे बसू," असे सांगून तो गेला आणि तिकडच्याच एका बंदरात तापाने वारला. अण्णांना जाता आले नाही. उरली ती बाटली आणि दोघांनी बसण्याचा वायदा. धाकट्याचा वाटा त्याला पोहोचल्यावाचून बाटली संपू द्यायची नाही, हा अण्णांचा ध्यास. आणि प्रयोगागणिक ती संपत चालली आहे, हा त्यांना लागलेला घोर.

प्रयोग तिन्हीसांजेला चाले. बाल्कनीत दोन खुर्च्या, बाहेरचे दार किलकिले. दोन पेल्यांत घोटघोटभर ओतून अण्णा रिकाम्या खुर्चीसमोरच्या पेल्याला, दारूच्या पातळीवर नेमका दोरा बांधत आणि वाट पाहत.

"बायका वडाला दोरा गुंडाळतात, हे दारूला गुंडाळतात," वहिनी, म्हणजे अण्णांच्या पत्नी, स्वयंपाकघरातून म्हणत. "माझ्या गुळांब्याच्या बरणीतसुद्धा ओतून पाहिली हो."

"स्वल्प हळू बोल," अण्णा म्हणत. "तो बसलाय."

मग ते त्या खुर्चीशी बोलत, उत्तरापुरते थांबत आणि कुणी न केलेल्या विनोदाला अगदी वेळेवर हसत. आयुष्यभर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवलेल्या माझ्याही हातावर तेव्हा काटा येई. उंच, अरुंद तोंडाच्या पेल्यात दोऱ्याखाली काहीच उतरत नसे. पसरट पेल्यात मात्र तासाभराने पातळी किंचित खाली गेलेली दिसे. "बघा अक्का, पसरट आवडतो त्याला. लहानपणी ताकसुद्धा वाटीनेच प्यायचा." पसरट पृष्ठभागावरून मद्यार्क अधिक उडतो, हे वाक्य माझ्या ओठांपर्यंत येई आणि तिथेच विरे. एक तर माझा स्वभाव भिडस्त. शिवाय वहिनी होसकोट्याला मुलीकडे गेल्या होत्या, त्या आठवड्यात माझ्या डोक्यावर एकापाठोपाठ एक अशा दोन खुर्च्या सरकल्याचे मी ऐकले होते. मी विचारले नाही. दुसऱ्या दिवशी अण्णाच जिन्यात म्हणाले, "काल आवाजाचा त्रास झाला का हो? मी त्याला सांगितलं, खुर्ची उचलून ठेवत जा, खाली अक्का असतात."

बाटलीच्या तळाशी बोटभर उरली, तेव्हा अण्णा आनेकलच्या एका कुंभाराकडून वाटीसारखा पसरट मातीचा पेला घेऊन आले. त्या सांजेला त्यांनी मला वर बोलावले. वहिनीही टोमणा न मारता येऊन बसल्या. मातीतून आरपार दिसत नाही, म्हणून दोरा नव्हता. आम्ही तिघे वाकून आत पाहत होतो. खाली रस्त्यावरचे दिवे लागले. कुणी हात लावला नाही, आणि तरी त्यात ओतलेली घोटभर दारू सावकाश खाली खाली गेली. मग ओला तळ दिसू लागला. वहिनींनी पदर तोंडाशी नेला.

का कोण जाणे, त्याच वेळी मला धीर आला. "अण्णा, ह्याला झिलई नाही. माती शोषून घेते."

अण्णांनी माझ्याकडे पाहिले. रागाचा लवलेशही नव्हता. "ठाऊक आहे, अक्का. दुपारी पाणी घालून पाहिलं की मी. मातीच प्यायली. पण त्याला तिकडं अग्नी नाही दिला हो, पुरलं. मग प्यायचं म्हटलं तर तो आणखी कुठनं पिणार?"

अण्णांनी बाटली पेल्यात उपडी केली. मागोमाग आपल्या ग्लासातला घोटही त्यातच ओतला. "सरी, बरं तर," ते समोरच्या खुर्चीकडे पाहून म्हणाले, "सावकाश घे."

माठाला येतो तसा ओलावा अशा पेल्याच्या बाहेर यायला हवा, एवढे शास्त्र मला कळते. संधिप्रकाशात ती बाहेरची बाजू मला कोरडी दिसत होती. खात्री करून घ्यावी म्हणून माझा हात पुढे झालाही. पण इतक्या वर्षांत प्रथमच अण्णा खुर्चीला पाठ टेकून बसले होते. मी हात मागे घेतला.