कानोसाची बातमी झाली त्याची गोष्ट

मावशीनं आयुष्यभर दोन गोष्टी मनापासून केल्या. लोकांची वाक्यं कापली आणि कंपन्यांची पत्रकं केराच्या टोपलीत टाकली. एका सायंदैनिकात ती उपसंपादक होती, आणि ते दैनिक बंद पडेपर्यंत 'नावीन्यपूर्ण' हा शब्द तिच्या टेबलावरून जिवंत सुटला नाही. दैनिक बंद पडलं तरी हात थांबेना. जिन्यातल्या सूचना, औषधांची लेबलं, काहीही दिसलं की तिची लाल पेन्सिल शिवशिवायची. एकदा नवऱ्यानं फ्रिजवर चिठ्ठी लावली, 'येताना कृपया दूध आणायला विसरू नये.' संध्याकाळी त्यातलं फक्त 'दूध आण' उरलं होतं.

अशा मावशीकडे तिचा भाचा हात जोडून आला. एका लाँड्रीच्या वरच्या माळ्यावर त्यानं कंपनी काढली होती, नाव 'कानोसा'. हातात मावेल एवढी एक डबी. ती मोटारीला, पंपाला, फ्रिजला चिकटवायची. डबी यंत्राची घरघर ऐकायची आणि कुठला भाग कुरकुरतोय ते मोबाइलवर कळवायची. डबी चांगली होती. फक्त ती जगात आहे हे जगाला ठाऊक नव्हतं.

"मावशी, आम्हाला पेपरात यायचंय," भाचा म्हणाला. "तू तयारी करून घे ना."

"मी? मी तर तुझ्यासारख्यांना पेपराबाहेर ठेवायचा पगार घेत होते."

"म्हणूनच तर! चोर कुठून शिरतो हे राखणदाराइतकं कुणाला माहीत असणार?"

हे वाक्य मावशीला आवडलं. त्यात कापण्यासारखं काही नव्हतं. दुसऱ्या दिवशी ती माळ्यावर हजर झाली.

माळ्यावर तिघं होते. भाचा, त्याची कॉलेजपासूनची भागीदार (डबीची सगळी बुद्धी तिची), आणि केसांना जेल लावलेला एक विक्रीवाला. खाली लाँड्रीची यंत्रं कपडे पिळायला लागली की वर टेबलावरचे चहाचे कप आपोआप चालायला लागायचे. मावशीनं आपला कप धरून ठेवला आणि विचारलं, "तुमची कंपनी काय करते? एका वाक्यात सांगा."

भाचा म्हणाला, "आम्ही ध्वनिआधारित पूर्वानुमानाच्या माध्यमातून औद्योगिक क्षेत्रात आमूलाग्र परिवर्तन–"

"श्वास घे. तू गं?"

भागीदार म्हणाली, "तसं नाही मावशी, आम्ही कंपनांच्या नमुन्यांची तुलना–"

"आणि तुम्ही?"

विक्रीवाल्यानं केसांवरून हात फिरवला. "आम्ही निश्चिंत झोप विकतो."

"म्हणजे एका माळ्यावर तीन कंपन्या आहेत," मावशी म्हणाली. "त्यातल्या कुठल्या कंपनीनं मला बोलावलंय?"

मग तिनं सगळ्यांना ऐकू जाईल असा आपल्या बहिणीला, म्हणजे भाच्याच्या आईला, फोन लावला. "ताई, तुझा मुलगा काय काम करतो गं?"

"पंखे दुरुस्त करतो ना! मागे आमचा केला होता. अजून आवाज येतो म्हणावं."

भाच्याचं तोंड एवढंसं झालं. सख्ख्या आईची ही गत, तिथे परक्यांचं काय घेऊन बसलात! दुपार उलटेपर्यंत चौघं घासाघीस करत बसले, तेव्हा कुठे वाक्य हाती लागलं. 'यंत्र बंद पडण्याआधी कसं कुरकुरतं ते कानोसा ऐकतो आणि मालकाला सांगतो.' मावशीनं ते तिघांकडून इतक्या वेळा म्हणवून घेतलं की खालचा लाँड्रीवालाही इस्त्री करताना पुटपुटायला लागला.

मग सुरू झाल्या लुटुपुटीच्या मुलाखती. मावशी पत्रकार आणि भाचा आरोपी.

"तुमचं यंत्र चुकतं का?"

"नाही."

"खोटं. नाकपुडी फुगली."

"म्हणजे... क्वचित..." आणि भाच्याला उचकी लागली. ती पाण्यानं थांबेना, साखरेनं थांबेना. मावशीनं पुढचा प्रश्न विचारला की आणखी जोरात यायची.

"नीट ऐक," शेवटी मावशी म्हणाली. "खोटं बोलायचं नाही. विचारलं तेवढंच सांगायचं. आणि समोरचा गप्प बसला तर आपणही गप्प बसायचं. पत्रकार मुद्दाम गप्प बसतो. समोरच्याला ती शांतता सोसवत नाही आणि तो पोटातलं सगळं ओठावर आणतो. मी असे भलेभले बोलते केलेत."

आता खरा पत्रकार हवा होता. मावशीनं जुन्या सहकाऱ्यांना फोन लावले. एकानं आवाज ओळखून "राँग नंबर" म्हटलं. दुसरा म्हणाला, "कंपनीचं पत्रक? तुम्ही पाठवणार? थांबा, मी आधी टोपली जवळ ओढतो." शेवटी एक बातमीदार सापडली. पूर्वी ती मावशीच्या हाताखाली शिकाऊ होती. मावशीचा आवाज ऐकून ती फोनवरसुद्धा उठून उभी राहिली असावी. "येते मॅडम, नक्की येते," म्हणाली.

मावशीनं माळ्यावर बजावलं, "ही माझ्या तालमीतली आहे. सोलून काढेल."

ठरल्या दिवशी बातमीदार आली. बिचारी सकाळपासून उपाशी होती. तिनं पहिला प्रश्न विचारला, "तुमची कंपनी काय करते?" भाच्यानं वाक्य घडाघडा म्हटलं. मावशी मागच्या खुर्चीत सुखावली. तेवढ्यात बिस्किटांची बशी आली. बातमीदारानं दोन बिस्किटं एकदम तोंडात घातली आणि ती गप्प झाली.

ती चावत होती. भाचा तिच्याकडे बघत होता. बिस्किटं कडक होती. शांतता लांबत गेली. भाच्याच्या कपाळावर घाम आला.

"हो, चुकतं आमचं यंत्र!" तो एकदम म्हणाला.

बातमीदाराचं चावणं थांबलं.

"एकदा मावशीच्याच घरी चाचणीला लावलं होतं, तिच्या फ्रिजला. रोज दुपारी सांगायचं, कॉम्प्रेसर शेवटच्या घटका मोजतोय. मेकॅनिकनं फ्रिज दोनदा उघडला. काहीच नाही. मग कळलं, फ्रिजच्या भिंतीपलीकडे काका झोपतात."

"म्हणजे?" बातमीदारानं विचारलं.

"काका घोरतात." आणि उचकी.

"म्हणजे माझा फ्रिज धडधाकट होता?" मागच्या खुर्चीतून मावशी कडाडली. "माझं सगळं आइस्क्रीम वितळलं! मी त्या मेकॅनिकला नाही नाही ते बोलले! आणि तू मला सांगितलंस, एक स्क्रू ढिला होता!"

"मावशी, विचारलं तेवढंच सांगायचं–"

"आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला! घरात फ्रिज नवा आणायचा का नवरा, ते तरी नीट सांगायचं होतंस!"

बोलून झाल्यावर मावशीच्या लक्षात आलं की बातमीदाराचं पेन भराभरा चाललंय. बिस्किटं ती केव्हाच विसरली होती.

"हे छापायचं नाही हं," मावशी क्षीण आवाजात म्हणाली. असं म्हणणाऱ्या लोकांचं ती स्वतः काय करायची, हे तिला आठवत होतं.

बातमीदार पहिल्यांदाच तिच्यापुढे न घाबरता हसली. "मॅडम, तुम्ही माझ्या जागी असता तर?"

मावशी घरी जाऊन पडून राहिली. आपण पोराची कंपनी बुडवली, या विचारानं तिला जेवण गेलं नाही. काकांना काय सांगायचं हाही प्रश्न होताच.

सकाळी बातमी आली. मथळा होता, 'काका घोरले, फ्रिज उघडला!' खाली डबीचा फोटो आणि पहिल्याच ओळीत त्यांचं वाक्य, जसंच्या तसं. दुपारपर्यंत माळ्यावरचा फोन तापला. फोन करणाऱ्या निम्म्या बायका विचारत होत्या, डबी नवऱ्याला चिकटवली तर चालेल का? पण एका शीतगृहाचा मालकही बोलला. "भिंतीपलीकडचं ऐकते म्हणता? मग माझे पंप तिला नक्की ऐकू येतील. घेऊन या." त्याच्या मागोमाग एक पिठाची गिरणी आली आणि एक छापखाना.

काका मात्र रुसले. मावशीशी बोलणं बंद. ती चिठ्ठ्या लिहायची, ते उत्तर द्यायचे नाहीत. मग फिरायला गेले असताना शेजाऱ्यांनी त्यांना थांबवलं, "पेपरातले काका ते तुम्हीच ना?" त्या दिवशी ते छाती काढून घरी आले आणि बातमीचं कात्रण मागू लागले.

पुढे भागीदारच घरी आली. माणूस आणि मोटार यांतला फरक डबीला शिकवायचा, तर भरपूर नमुने हवेत, म्हणाली. काका तयार झाले. आता ते जेवण झालं की उशी बगलेत मारून माळ्यावर जातात. भागीदारानं कोपऱ्यात त्यांच्यासाठी खाट टाकलीय. पहिले काही दिवस लाँड्रीच्या धडधडीनं त्यांचा डोळा लागेना. मग सवय झाली. ते घोरायला लागले की सगळे पावलं न वाजवता हिंडतात, आणि मावशी जिन्यात उभी राहून वर येणाऱ्या पत्रकारांना दबक्या आवाजात सांगते, "जरा थांबा. काम चालू आहे."