फुलकिड्यांवर शिक्का

कचेरीतल्या किश्शांचं फुलकिड्यांसारखं आहे. एक दिसला म्हणून पान उलटावं, तर खाली वीस! मी डहाणूला शेतीच्या कचेरीत कारकून होतो. किड्यांशी माझा संबंध आवक-जावक नोंदवहीपुरता. तरी निवृत्तीनंतर लोक मला मिरचीची वाकडी पानं आणून दाखवतात.

*

सोळा सालच्या थंडीत गंजाडच्या सोमीबाई आल्या. त्यांच्या अर्ध्या एकरातल्या मिरचीची पानं आकसली होती. शेजारी म्हणत होता, झाडं उपटून टाक. उपटली तर हंगाम गेला, ठेवली तर उरलेलीही जातील.

आमच्या साहेबांनी एक फूल पांढऱ्या कागदावर झटकलं. स्वल्पविरामाएवढे ठिपके पळायला लागले. हे फुलकिडे, साहेब म्हणाले.

सोमीबाईंनी वाकून पाहिलं. "हे तर आमच्या चटणीत रोज असतात."

*

साहेब नवे होते. फुलकिड्यांचं वर्गीकरण सांगायला त्यांना श्रोता लागे, आणि मी जागेवर असे. पंखांना झालर, म्हणून गणच वेगळा. जबडा फक्त डावा, उजवा नाहीच. मादी नराशिवायही अंडी घालते, पण त्यातून बहुधा नरच निघतात. म्हणजे मुलीला बाप असतो, मुलाला नसतो.

हे मी घरी सांगितलं. बायको म्हणाली, चार दिवस रजा टाका.

*

सगळेच फुलकिडे मिरची खात नाहीत, त्यामुळे जात कळेपर्यंत फवारायचं नाही, असं साहेबांनी बजावलं. किडे पाकिटात घालून प्रयोगशाळेला पाठवले. उत्तर आलं, नमुना चिरडलेला आहे. दुसरा पाठवला, तेच उत्तर. आम्ही आधी पोस्टाला दोष दिला, मग एसटीला.

तिसरं पाकीट साहेब स्वतः माझ्या टेबलाशी घेऊन आले. मी नेहमीप्रमाणे ते समोर ठेवलं आणि त्यावर गोल शिक्का हाणला. तीस वर्षांत माझा शिक्का कधी पुसट उठलेला नाही.

साहेबांनी पाकीट उघडून आत पाहिलं, मग शिक्क्याकडे.

*

चौथ्या वेळी, साहेबांच्या सांगण्यावरून, सोमीबाईंनी स्पिरिट भरलेल्या काचेच्या बाटलीतून किडे आणले. शिक्का कुठे मारू, मी विचारलं.

त्यांनी तळहात पुढे केला. "इथं मारा. बाटलीला हात लावू नका."

*

उत्तर आलं. हे फुलकिडे मिरची खात नाहीत; पानं आकसवणाऱ्या, कोळी नावाच्या बारीक किडीलाच ते खातात. फवारणी करू नये. साहेबांनी ते तीनदा वाचलं. मी पाचदा वाचलं, तरी चोर कोण आणि राखणदार कोण हे मला नीट उमगेना. सोमीबाईंनी मात्र वाट बघत ना झाडं उपटली होती, ना औषध मारलं होतं. नवी पालवी सरळ फुटत होती.

होळीच्या सुमाराला त्या लाल मिरच्यांची पिशवी घेऊन आल्या. आधी माझ्या टेबलावरचा शिक्का उचलून लांब खिडकीत ठेवला, मग पिशवी ठेवली.

"भाऊसाहेब," त्या म्हणाल्या, "तीन पाकिटांत मारलेत ना, ते आपलेच होते."