वेरावळचं मासेमारी संग्रहालय, एकाच दिवशी दोनदा

"मी घरात बसून वाट बघणार नाही," आशा म्हणाली आणि आमचं वेरावळ ठरलं.

आशा माझी बायको. तिच्या छातीतल्या गाठीचा तुकडा जळगावला तपासायला दिला होता. रिपोर्टला आठवडा लागणार होता. अमळनेरच्या घरात फोन वाजला की आम्ही दोघंही दचकायचो. शेवटी जळगावातच मेहरूणला राहणारी माझी थोरली बहीण, अक्का म्हणाली, "तुम्ही निघा. रिपोर्ट मी घेते, डॉक्टरांना दाखवते, मग फोन करते." शेजाऱ्यांना सोमनाथला जातोय असं सांगितलं. ते खोटं नव्हतं. पण शाळेत भूगोल शिकवणाऱ्या आशाला बंदर बघायचं होतं, तिनं ते आजवर फक्त फळ्यावरच काढलं होतं.

अमळनेरहून सुरतेची गाडी धरायची आणि तिथून वेरावळची. मध्ये भरपूर वेळ ठेवा. आम्ही ठेवला नव्हता, त्यामुळे सुरतेला बॅगा घेऊन पळालो. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बरोबर होती. दोंडाईचा गेलं, नंदुरबार गेलं, तरी आशा खिडकीबाहेरच बघत होती. दशमी तिनं अर्धी खाल्ली आणि उरलेली परत कागदात गुंडाळली.

वेरावळ आधी नाकाला कळतं. सुक्या मासळीचा वास स्टेशनापासूनच सोबत येतो आणि तासाभरात सवयीचा होतो. रिक्षाचं भाडं आधी ठरवा. बंदराच्या रस्त्याला लागलं की कडेला लाकडी बोटी बांधताना दिसतात, दुमजली घराएवढ्या उंच. पाणी आत येऊ नये म्हणून सुतार शिडीवर चढून फळ्यांच्या फटींमध्ये कापूस ठोकत होते. एरवी आशानं त्यांना प्रश्न विचारून हैराण केलं असतं.

संग्रहालय बंदरालगतच्या एका जुन्या दगडी गोदामात आहे. तिकीट अगदी स्वस्त. दाखवायला एक निवृत्त तांडेल होते, म्हणजे पूर्वी बोट चालवणारे. सगळे त्यांना कानजीकाका म्हणत.

"क्यांथी आव्या?" त्यांनी विचारलं.

"अमळनेर. खान्देश."

"गुजराती समजाय छे?"

"माले बठ्ठं समजस," आशा सरळ अहिराणीत म्हणाली, सगळं समजतं म्हणून. काका खूश झाले. पुढं ते गुजरातीत बोलत राहिले, ती अहिराणीत, आणि कुणाचं काही अडलं नाही.

होकायंत्रं, शिडं, जाळ्याला बांधायचे काचेचे गोळे असं बघत आम्ही एका बोटीच्या प्रतिकृतीपाशी आलो. पूर्वी बोटीवर वायरलेस नव्हता, काका सांगत होते. शीड दिसेपर्यंत माणूस जिवंत आहे की नाही, घरी कळायचं नाही.

"मग घरवाली काय करे?" आशानं विचारलं.

"मारी वहू?" काका हसले. बायको रांधायची, मासळी सुकवायची, आणि कामं संपली की सासूशी भांडायची, असं त्यांनी सांगितलं. एकदा ते वादळातून परतले, तर ती दारात म्हणाली, जरा थांब, भांडण संपू दे.

आशा खळखळून हसली. कितीतरी दिवसांनी.

जाड भिंतींमुळे आत फोनला रेंज नव्हती. अंगणात आलो तर अक्काचे कितीतरी मिस्ड कॉल. आशानं फोन माझ्याकडून घेतला, स्वतःच लावला आणि स्पीकर सुरू केला.

"कथा व्हतात तुम्ही?" कुठं होतात म्हणून अक्का ओरडलीच. "काही नही शे वं माय! साधी गाठ शे. डॉक्टर म्हने, घाबरानं काम नही."

"परत सांगा," आशा म्हणाली.

अक्कानं परत सांगितलं. आशा तिथल्याच बोटीच्या एका गंजक्या नांगरावर बसली आणि पदरानं तोंड पुसत राहिली. मी उभाच होतो. बसायचं असतं हेही सुचलं नाही. काका काही न विचारता पाणी घेऊन आले. मी सांगितल्यावर ते नुसते "सारुं, बहु सारुं", फार छान झालं, असं म्हणत राहिले.

थोड्या वेळानं आशा उठली. "चला, परत आत जाऊ. मघाशी मी काही बघितलंच नाही."

काकांनी दुसरं तिकीट घेऊ दिलं नाही. या खेपेला आशाला प्रत्येक गोष्टीत रस होता. नायलॉनच्या आधीचं सुती जाळं बघून ती म्हणाली, "अहो, हा कापूस आपल्याकडूनही आला असेल." काकांनी तिला जाळ्याची गाठ शिकवली. तिसऱ्यांदा जमली.

मग सडकून भूक लागली. जवळच्या एका खानावळीत बाजरीचा रोटला आणि वांग्याचा ओळो मागवला. ओळो म्हणजे आपलं भरीतच. आशानं दोनदा वाढून घेतला आणि वर मिरची कमी पडली असा निकालही दिला. दुसऱ्या दिवशी सोमनाथाचं दर्शन निवांत झालं. देवाकडे मागायचं काही उरलं नव्हतं, हात जोडून नुसते उभे राहिलो.

आता घरी आहोत. सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी आहे, ती करूच. जाणार असाल तर थंडीत जा आणि संग्रहालयाला अख्खा दिवस द्या.

काल हे लिहायला फोटो शोधत होतो. गाडीतला, बोटी बांधतानाचा, पहिल्या फेरीतला एकही फोटो नाही. सगळे त्या फोननंतरचे. त्यातल्या पहिल्या फोटोत आशा एका बोटीच्या भल्यामोठ्या पंख्याशेजारी उभी आहे, डोळे सुजलेले, तोंड अर्धवट उघडं. ती मला म्हणत होती, "लवकर काढा ना, अजून तिकडचं बघायचंय."