शनिवारचं शुद्धलेखन

दिग्रसकडच्या एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर मी अकरा वर्षं होते. दोन खोल्यांची शाळा. मुख्याध्यापक आणि मी, एवढेच शिक्षक. माझ्याकडे तिसरी-चौथी. जिची ही गोष्ट, ती पोरगी चौथीत होती, नऊ वर्षांची. घर गावाबाहेर, नाल्यापलीकडे शेतात.

कापसाची वेचणी जोरात चालली होती. आईबाप पोरांनाही वावरात न्यायचे, म्हणून त्या शनिवारी सकाळच्या शाळेला माझ्यासमोर सातच पोरं होती. ती त्यांतली एक. मी दहा ओळींचं शुद्धलेखन घातलं, वह्या तपासायला ठेवून घेतल्या आणि साडेअकराला शाळा सोडली. तिचे आईबाप पहाटेच दुसऱ्या गावी वेचायला गेले होते. संध्याकाळी परतले तेव्हा ती घरात नव्हती. रविवारी सकाळी तुरीच्या वावरात सापडली. गळा आवळलेला होता.

पोलिसांनी शेजारच्या शेतावर वर्षाच्या बोलीनं राबणारे दोन सालदार पकडले. सख्खे भाऊ. सकाळी सातला नाल्याजवळ त्यांना तिच्यासोबत पाहिल्याचं एका शेतकऱ्यानं सांगितलं होतं. आठला ते दोघं कापसाच्या गाडीवर दिग्रसच्या जिनिंग कारखान्यात गेले आणि दिवेलागणीनंतर परतले. जिनिंगच्या फाटकावर तशी नोंद होती, ती पोलिसांनाही मान्य होती. म्हणून त्यांनी खून सातचा धरला. ती शाळेत पोचलीच नाही, असं त्यांचं म्हणणं.

मी तिची वही घेऊन ठाण्यात गेले. वर शनिवारची तारीख, खाली तिच्या अक्षरात दहा ओळी. ठाणेदारसाहेबांनी पानं चाळली.

"मॅडम, पोरं फळ्यावरची तारीख उतरवतात. तुम्हीच चुकीची लिहिली असेल."

मी नाही म्हटलं. त्यांनी वही टेबलावरच्या कागदांत सरकवली आणि बघतो म्हणाले. पोच मागायचं मला सुचलं नाही. त्या दिवशीच्या बाकी सहा पोरांपैकी दोघांना त्यांनी विचारलं. एक म्हणाला ती आली होती, दुसरा म्हणाला आठवत नाही. उरलेल्यांना कोणी विचारलंच नाही.

खटला यवतमाळला चालला. वही कागदपत्रांत नव्हती. भावांच्या वकिलांनी मला साक्षीला बोलावलं. आता माझ्या हातात फक्त हजेरी होती. मुख्याध्यापकांनी जाऊ नका म्हणून आधी समजावलं, मग दोन दिवस बोलले नाहीत. त्यांची भीती मला ठाऊक होती. हजेरी कमी दिसली की शाळा बंद होईल, म्हणून आम्ही गैरहजर पोरंही हजर दाखवत होतो. वर्षानुवर्षं.

सरकारी वकिलांनी विचारलं, त्या दिवशी हजेरीत किती मुलं हजर आहेत. मी म्हटलं, एकतीस. प्रत्यक्षात किती होती? मी न्यायाधीशांकडे पाहिलं. खोटं बोलायला गेले असते तर जमलंही असतं कदाचित.

"सात," मी म्हटलं.

"म्हणजे चोवीस खोट्या हजेऱ्या तुमच्या हातच्या. मग हिची तेवढी खरी, कशावरून?"

वही होती, असं मी सांगितलं. कुठे आहे, त्यांनी विचारलं. माझं उत्तर संपायच्या आत त्यांनी पुढचा प्रश्न काढला. दोघा भावांना जन्मठेप झाली. निकालात माझ्या साक्षीला दोन ओळी मिळाल्या, विश्वासार्ह नाही म्हणून. त्यातला एक शब्दही मला खोडता येत नव्हता.

नागपूरला अपील दाखल झालं. मी वहीबद्दल प्रतिज्ञापत्र दिलं. ठाण्याकडून उत्तर आलं, अशी वही जमा झालेली नाही.

हे गावात कळल्यावर पोरीची आई एसटीच्या थांब्यावर माझ्याजवळ येऊन बसली.

"बाई, तुमी त्यायले सोडवाले काहून धडपडून राह्यल्या? मायी पोरगी तुमची कोणीच नोयती का?"

मी तिला सगळं सांगितलं. पोरगी साडेअकरापर्यंत माझ्यापुढे बसली होती, घरी जाऊ का म्हणून विचारून गेली होती. आईनं पदर तोंडाशी धरला. हा भाग तिला आजवर कोणी सांगितलाच नव्हता. मग तिनं विचारलं, त्या दिवशी तिनं डोक्याला तेल लावलं होतं का. मी हो म्हटलं. खरं तर मला आठवत नव्हतं.

"मंग मारलं कोणं तिले?"

तिची नजर रस्त्यावरून जाणाऱ्या माणसांकडे गेली. ओळखीचीच सगळी, तिला हात करणारी. ती उठली आणि निघून गेली. उन्हाळ्यात ते कुटुंब शेत बटाईनं देऊन दुसरीकडे राहायला गेलं.

धाकटा भाऊ गेल्या वर्षी तुरुंगात आजारी पडून वारला. थोरल्याच्या अपिलाची सुनावणी अजून लागलेली नाही. माझी बदली घाटंजीकडे झाली आहे. वकिलांना मी महिन्यातून एकदा फोन करते. अजून तारीख मिळाली नाही, असं ते सांगतात.