दादा लंकेत असताना

परवा रस्त्याच्या कामावर सुरुंग उडाला आणि त्या जळक्या दारूच्या वासानं मला तामलवाडीच्या आमच्या विहिरीवर नेलं.

दुष्काळाचं वर्ष होतं. माझा दादा फौजेत सुरुंगाचं काम करायचा आणि दर उन्हाळ्यात रजेवर आला की विहीर खोल करून द्यायचा. त्या वर्षी त्याची पलटण शांतिसेनेतून लंकेत लढायला गेली होती, म्हणून गावातल्या माणसांनीच सुरुंग लावला. दुपारी विहिरीची एक बाजू ढासळली आणि खाली उतरलेले गणपतमामा दगडांत अडकले.

“आज फौजी पाहिजे होता,” कुणीतरी म्हणालं.

दादा काम करायचा तेव्हा वरून दोर वहिनी धरायची. तिनं पदर खोचला. “ते न्हाईत. म्या उतरते.”

तासाभरानं मामा वर आले. पाय मोडला होता, पण जिवंत होते.

संध्याकाळी मी दादाला पत्र लिहायला बसले. वहिनीला लिहिता येत नव्हतं.

“काय लिहू?”

सोललेले तळवे तिनं मांडीवर उताणे ठेवले होते. “लिही, इथं समदं बरं हाय.”

पुढं दादाचं पत्र आलं. त्यातही तेच होतं, इकडं सगळं बरं आहे. ते वाचून मी निर्धास्त झाले होते.